आमची वाटचाल : दोन काळे पुठ्ठे

आमच्या कार्यशाळेच्या पहिल्या सकाळी लॅपटॉप बंद असतात. प्रत्येकासमोर त्याच्याच फोटोंच्या वीस साध्या प्रिंट ठेवलेल्या असतात आणि इंग्रजी एल अक्षरासारखे कापलेले काळ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे. एडिटिंग शिकायला आलो आणि हा काय हस्तकलेचा तास, असं बहुतेकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं. ही सकाळ आमच्या वेळापत्रकात यायला तीन वर्षं लागली. मधल्या काळात धंदा बसायच्या बेतात आला होता, तेही सांगतो.

आम्ही दोघे. मी आधी घरूनच फोटो एडिट करून द्यायचो. वस्तूंच्या फोटोंमागची पार्श्वभूमी कापायची, समारंभाच्या हजारभर फोटोंचे रंग एकसारखे करायचे, अशी रात्री जागवणारी कामं. माझे भागीदार माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांची उमेदीची वर्षं डार्करूममध्ये, म्हणजे फिल्मवरचे फोटो कागदावर उतरवायच्या अंधाऱ्या खोलीत गेली. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली आली तेव्हा ते लाल दिव्याखाली ट्रे हलवत उभे होते, आणि पुढेही बरीच वर्षं त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. आम्हाला एकत्र आणलं ते प्रिंटच्या कामाने. मी फाइल पाठवायचो आणि ते प्रिंट पाहून ती परत पाठवायचे.

शिकवायचं डोक्यात आलं ते ग्राहकांमुळे. "हे कसं केलंत, जरा दाखवा ना," असं दर दुसरा माणूस म्हणायचा. मग आम्ही दोन कार्यशाळा जाहीर केल्या, माझी दोन दिवसांची एडिटिंगची आणि सरांची एका दिवसाची कंपोझिशनची, म्हणजे चौकटीत काय कुठे असावं याची. माझी चार दिवसांत भरली. सरांकडे तिघे आले, त्यातला एक तारीख चुकून आलेला.

मग काय, एडिटिंगच्या बॅचवर बॅच. एकेका बॅचला वीस-बावीस जण. दोन दिवसांत लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचे यच्चयावत स्लायडर, शिवाय फोटोशॉपचे लेअर, मास्क, कर्व्हज आणि वर चाळीस पानांच्या नोट्स. लोक खूश होऊन जायचे. अभिप्रायाच्या कागदावर हमखास 'खूप माहिती मिळाली' असं लिहिलेलं असायचं. हल्ली हे वाक्य दिसलं की मला धास्ती वाटते.

महिन्या-दोन महिन्यांनी त्याच लोकांचे फोटो पाहायला मिळायचे. क्लॅरिटी (कडांचा उठाव) ओढलेली, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) शिगेला, डोंगराच्या कडेने पांढरी रेघ, सावल्या उचलून उचलून राखाडी झालेल्या. सगळे फोटो एकाच माणसाने एडिट केल्यासारखे दिसायचे, आणि तो माणूस मीच होतो. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तर फोन करून सांगितलं, "तुमच्याकडे शिकल्यापासून माझे फोटो बिघडले हो. आधी निदान कशाचा फोटो आहे ते तरी कळायचं."

मी त्यांचे फोटो सरांना दाखवले. सरांनी ते स्क्रीनवर उलटे करायला लावले, म्हणजे शब्दशः डोकं खाली, पाय वर. फोटो उलटा केला की त्यातली माणसं, झाडं, घरं मनातून निघून जातात आणि उजेड-अंधाराचे नुसते तुकडे उरतात. "आता बघ, नजर कुठे जाते," ते म्हणाले. गेली ती डाव्या कोपऱ्यातल्या आकाशाच्या पांढऱ्या तुकड्याकडे. फोटो होता विहिरीवर वाकलेल्या मुलीचा.

मग त्यांनी कपाटातून दोन वस्तू काढल्या. एक तार, तिच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती. दुसरा मधोमध भोक पाडलेला पुठ्ठा. एनलार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा उजेड कागदावर पडत असताना चकती मध्ये धरून हलवत राहिलं की तेवढा भाग उजळ राहतो, ते डॉजिंग. भोकातून एकाच जागी जास्त उजेड पाडला की तो भाग गडद होतो, ते बर्निंग. फोटोशॉपमध्ये डॉज टूलचं चित्र काडीवरच्या चकतीचं असतं आणि बर्नचं मूठ वळलेल्या हाताचं, कारण पुठ्ठा नसला तर हाताचीच पोकळी करून काम भागवायचे. मी ती दोन चित्रं दिवसातून शंभरदा दाबत होतो. ती कशाची आहेत हे मला त्या संध्याकाळी कळलं!

खरं सांगायचं तर आमची फर्म त्या संध्याकाळी सुरू झाली. त्याआधीची तीन वर्षं आम्ही बटणं शिकवत होतो. फोटो काढताना चौकटीत काय घ्यायचं हे ठरवणं, आणि नंतर कुठला भाग उजळ ठेवायचा नि कुठला दाबायचा हे ठरवणं, हे एकच काम आहे, आणि आम्ही त्याच्या दोन वेगळ्या पावत्या फाडत होतो. सरांना हे कायम माहीत होतं. मी विचारलं नव्हतं आणि ते आपणहून सांगणाऱ्यांतले नाहीत.

'रूल ऑफ थर्ड्स' सगळ्यांना ठाऊक असतो: चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करायचे आणि विषय त्या रेघांवर ठेवायचा. मोबाइलच्या स्क्रीनवर त्याच्या रेघाही येतात. हे नाव १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांबद्दल लिहिताना वापरलं, आणि त्याचा विषय सुरू झाला होता चित्रातल्या उजेडाच्या नि अंधाराच्या प्रमाणापासून. पुढे उजेड-अंधार मागे पडला आणि रेघा तेवढ्या राहिल्या. अमेरिकी छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सचा न्यू मेक्सिकोतल्या चंद्रोदयाचा फोटो १९४१ चा. त्याच एका निगेटिव्हवरून ते पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिले आणि आकाश अधिकाधिक काळं करत गेले. चौकट तीच ठेवून फोटो बदलत गेला. आम्ही त्याची आधीची आणि नंतरची प्रिंट शेजारी शेजारी दाखवतो आणि दहा मिनिटं काही बोलत नाही.

दोन्ही कार्यशाळा एक केल्या, त्या सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त नावं गळाली. 'पहिला अर्धा दिवस सॉफ्टवेअर नाही' असं वाचलं की लोक पुढे सरकायचे. एका संस्थेने ठरलेली कार्यशाळा आदल्या संध्याकाळी रद्द केली. प्रिंट काढून झाल्या होत्या, पैसे गेले ते गेलेच. मी रात्रीची एडिटिंगची कामं पुन्हा धरली. बॅच दहा जणांची केली ती काही तत्त्वासाठी नव्हे, अकरावा मिळतच नव्हता म्हणून. आता मिळतो, तरी दहाच ठेवतो. प्रत्येकाच्या फोटोवर निवांत बसायचं तर त्याहून जास्त जमत नाही.

त्या सकाळी होतं असं. दोन्ही पुठ्ठे एकमेकांवर उलटसुलट ठेवले की मध्ये चौकट तयार होते आणि ती हवी तशी लहानमोठी करता येते. मागच्या बॅचमध्ये एकाने बाजारातल्या गर्दीचा फोटो आणला होता. त्याने पुठ्ठे सरकवत सरकवत फळवाल्याच्या हातांपर्यंत आणले, थांबला, आणि म्हणाला, "मी तर ह्याचाच फोटो काढायला गेलो होतो." मग त्याला हिशेब करायला लावला. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० पिक्सेल. रुंदी-उंची निम्मी केली की उरतात ६ मेगापिक्सेल, आणि इंचाला ३०० पिक्सेल धरले तर प्रिंट २० ऐवजी १० इंच रुंद निघते. त्याने तर रुंदी चौथाईपर्यंत कापली होती, म्हणजे पाच इंच. पुढच्या वेळी चार पावलं पुढे जा, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

दुपारी लॅपटॉप उघडतात, तेव्हा पहिला तास हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोत अंधार किती (डावीकडे) आणि उजेड किती (उजवीकडे) हे दाखवणाऱ्या आलेखाचा. उजव्या भिंतीला चिकटलेला आलेख म्हणजे हायलाइट, सगळ्यात उजळ भाग, उडाले. तिथे माहितीच नाही, आणि नसलेली माहिती कुठलाही स्लायडर परत आणत नाही. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेग (नेहमीची, आकसलेली फाइल) यांतला फरक आम्ही भाषणात सांगत नाही. एकच दृश्य दोन्हींत काढायला लावतो आणि सावली तीन स्टॉप, म्हणजे तीनदा दुप्पट, उजळ करायला सांगतो. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. जेपेगमधल्या सावलीत पट्टे आणि डाग दिसू लागले की प्रश्न मिटतो. व्हाइट बॅलन्सचंही, म्हणजे उजेडाच्या पिवळ्या-निळ्या छटेचा तोल साधण्याचंही तसंच. उजेडाची छटा केल्व्हिनमध्ये मोजतात; खिडकीतला उजेड साधारण ५५०० केल्व्हिनचा, पिवळा बल्ब ३००० च्या आसपास. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले तर एक स्लायडर हलवून काही होत नाही, मास्क करून, म्हणजे एकेक भाग वेगळा काढून बसावं लागतं. किंवा, सरांचा आवडता उपाय, बल्ब बंद करायचा.

आमची सगळ्यात मोठी फजिती मात्र प्रिंटची. एका बॅचच्या शेवटी सहभागी मंडळींच्या चोवीस फोटोंचं छोटं प्रदर्शन ठरलं. दोन दिवस एका पडदे लावलेल्या खोलीत एडिटिंग केलं होतं, सगळे मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर. प्रिंट आल्या त्या चोवीसच्या चोवीस काळवंडलेल्या. स्क्रीन दिव्यासारखी झगमगत असल्यामुळे प्रत्येकाने फोटो नकळत गडद केला होता. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. लॅबशी भांडायला निघालेला मी सरांच्या एका प्रश्नावर गप्प झालो: "हिस्टोग्राम पाहिला होतास का?" सगळे आलेख डावीकडे ढेपाळलेले होते. प्रदर्शन आम्ही तसंच लावलं, फक्त दिवे वाढवले. त्यानंतर कॅलिब्रेटर, म्हणजे मॉनिटरचे रंग नि उजेड मोजून जुळवणारं यंत्र घेतलं. मॉनिटरचा उजेड आता दर चौरस मीटरला १०० ते १२० कॅन्डेला असतो, पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो मंद वाटतो. त्याच फटक्यात कलर स्पेसचीही, म्हणजे फाइल रंगांची कुठली मोजपट्टी वापरते याचीही शिस्त लागली. मोबाइलवर दाखवायच्या फाइली एसआरजीबीत. अॅडोबी आरजीबीतली फाइल भलत्या ठिकाणी उघडली की फिकट पडते आणि लोक सॅच्युरेशन वाढवत सुटतात.

दुसऱ्या दिवसाचा शेवट बहुधा वादाने होतो, आणि तो आम्ही होऊ देतो. फोटोतली वायर काढावी का? कचऱ्याचा डबा? माणूस? इथे आम्ही नॅशनल जिओग्राफिकच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठाची गोष्ट सांगतो. आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले होते, आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. म्हणजे तो झगडाही मुळात चौकटीचाच. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल, म्हणजे एआयने चित्राचा भाग रचून भरणारं टूल, आल्यापासून कुणी ना कुणी विचारतंच, आता चौकट मागाहून वाढवता येते, मग तुमचे पुठ्ठे कशाला? जाहिरातीच्या कामात मी ते टूल वापरतो, लाज वाटत नाही. पण चौकटीबाहेर खरोखर काय होतं हे त्याला माहीत नसतं, ते मजेत काहीतरी रचून देतं. बातमीच्या किंवा घरातल्या आठवणीच्या फोटोत मला ते चालत नाही. सर याहून कडक आहेत, त्यांना वायर काढणंही पटत नाही. आमचं यावर एकमत नाही आणि सहभागी मंडळींसमोर ते लपवतही नाही.

आता आमच्याकडे तिसरी व्यक्ती आहे, दुसऱ्या बॅचची विद्यार्थिनी. फक्त मोबाइलवर काढणाऱ्यांची बॅच ती पाहते, आणि खरं तर तीच आता सगळ्यात आधी भरते.

त्या निवृत्त बाई गेल्या महिन्यात पुन्हा आल्या, तिसऱ्यांदा. येताना नवा फोटो प्रिंट करून आणला होता. दारात बसलेली म्हातारी, अर्धा चेहरा सावलीत. एडिटिंग म्हणाल तर क्रॉप आणि उजवा कोपरा थोडा दाबलेला, बाकी काही नाही. सरांनी प्रिंट घेतली, उलटी केली, हात लांब करून धरली. बाई त्यांच्याकडे बघत होत्या, आम्ही बाईंकडे.

"कोपरा अजून थोडा," सर म्हणाले.

"मला वाटलंच होतं," म्हणत बाईंनी पिशवीतून दुसरी प्रिंट काढली.