पावलं मोजायला डेटा लागत नाही!

आज शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पुन्हा तोच प्रश्न: चालायला लागल्यापासून डेटा दुपारीच का संपतो? अहो, पावलं फोनमधला सेन्सर मोजतो आणि जीपीएस उपग्रहावर चालतं. डेटा खातो तो चालताना लावलेला व्हिडिओ. गाणी रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन मोबाईल डेटावरचं ऑटो-डाउनलोड बंद करा, सुप्रभातचे व्हिडिओ तिथेच अडतात.

पार्कची फेरी साधारण १.२ किलोमीटरची. मोठ्या खंडानंतर पहिल्याच दिवशी पाच फेऱ्या मारल्या की नडगी धरते. आठवडाभर दोनच मारा, बोलता येईल इतक्याच वेगाने, मग तिसरी. आणि टाच झिजलेले बूट आधी बदला, कळकळीने सांगतेय.