भाजीच्या रकान्यातली माती

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळंच लिहून टाकते. प्रश्न ठरलेला असतो. ‘भाजी घरचीच, मग महिन्याच्या खर्चात बराच फरक पडत असेल ना?’ आणि पाठोपाठ, ‘ठरलेल्या पैशांत महिना भागवणं जमतं कसं तुम्हाला?’ दोन्ही प्रश्न लोक एका दमात विचारतात, जणू पहिल्याचं ‘हो’ हेच दुसऱ्याचं उत्तर. आजवर मी ‘हो, पडतो थोडाफार’ म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं.

गच्चीवरच्या भाजीमुळे माझा महिना भागत नाही. तो भागतो वहीमुळे. आणि ती वही मी स्वतः एकदा खोटी केली होती, त्याच भाजीपायी. ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही, पण आधी वहीबद्दल थोडं बोलू द्या, कारण तिथे मला लाज वाटण्यासारखं काही नाही.

सुरुवातीची कितीतरी वर्षं मी महिन्याच्या रकमेचे चार भाग करायचे, आठवड्याला एक. शेवटचे दोन-तीन दिवस नेहमी कोरडे जायचे आणि मी स्वतःला दोष द्यायचे की आपलाच हात सैल. मग एकदा नुसता गुणाकार केला. चार आठवडे गुणिले बारा महिने म्हणजे ४८. वर्षात आठवडे असतात ५२. म्हणजे वर्षाचे चार आठवडे माझ्या हिशेबात नव्हतेच, आणि त्या चार आठवड्यांचं जेवण मी दर महिन्याच्या अखेरीस उसनं आणत होते. आता मी रक्कम दिवसांनी भागते. एकतीस दिवसांच्या महिन्यात रोजचा वाटा लहान होतो, पण तो पहिल्या तारखेलाच दिसतो, अठ्ठाविसाव्या तारखेला नाही.

दुसरं, मी पुड्याची किंमत लिहीत नाही, किलोची लिहिते. पुडा तोच, रंग तोच, किंमतही तीच, आणि आतला माल गुपचूप कमी झालेला, असं वहीत तीनदा सापडलंय. तिसरं, काय आणायचं हे ठरवण्याआधी काय संपवायचं हे ठरवते. घरात सगळ्यात महाग काय पडतं, तर आणून सडलेली वस्तू. तिचे पैसे गेलेले असतात आणि ती कुणाच्या पोटातही गेलेली नसते.

यापलीकडे माझ्याकडे युक्ती नाही. ‘एवढं काटेकोर कशाला राहायचं, खाण्यापिण्यात काय मोजायचं’ असं म्हणणारे भेटतात, त्यांच्यावर मी चिडते हे मान्य करते. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्येच कुटुंबांचे हिशेब मांडून दाखवलं होतं की उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला मोठा वाटा खाण्यावर जातो. जो मोजत नाही त्याचा तो वाटा लहान असतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि घरभाडं, फी, हप्ते यांना हात लावता येत नाही. पैसे कमी पडले की कात्री लागते ती स्वयंपाकघरालाच. म्हणजे तिथे जेवणाऱ्या माणसांना.

आता ते वर्ष.

चार वर्षांपूर्वी आमचं घरातलं येणं कमी झालं. किराण्याची रक्कम मी पाचव्या हिश्शानं कमी केली. आणि त्याच महिन्यात मनानं घेतलं की भाजी घरी पिकवायची. आधी गच्चीवर पुदिना, कोथिंबीर, दोन मिरच्या एवढंच होतं. मी चोवीस मोठ्या कुंड्या आणल्या. माती, शेणखत, कोकोपीट, बियाणं, सावलीची जाळी, फवारणीचा पंप. खर्च झाला तो साधारण आमच्या तीन महिन्यांच्या भाजीइतका.

वहीत रकाने आखलेले होते: धान्य, तेल, दूध, भाजी, फळं, किरकोळ. कुंड्या कुठल्या रकान्यात लिहायच्या? मी त्या ‘भाजी’त लिहिल्या. तेव्हाचं माझं म्हणणं मला आजही शब्द न् शब्द पाठ आहे. शेवटी यातून भाजीच येणार आहे. कुंडी पाच वर्षं टिकते, म्हणजे तिचा खर्च साठ महिन्यांवर वाटून बघायला हवा. हे मी दागिन्यांवर उधळत नाहीये, कुठे फिरायला जात नाहीये, घरासाठीच करतेय.

त्या बाईशी मी अजून भांडते. तिचा भागाकार बरोबर होता. पण पाकिटातले पैसे साठ महिन्यांत थोडे थोडे गेले नाहीत, त्या एका महिन्यात गेले. ‘भाजी’चा रकाना फुगला तो पुढचे तीन-चार महिने मी दूध आणि फळांच्या रकान्यातून भरून काढला. आणि घरात कुणी काही मागितलं की माझ्या तोंडी एकच वाक्य, ‘या महिन्यात जरा ओढाताण आहे.’ खोटं नव्हतं ते. ओढाताण होतीच. ती कशानं वाढली हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

सासूबाई रोज रात्री पेलाभर दूध घ्यायच्या. एक दिवस म्हणाल्या, ‘अगं, रात्रीचं दूध हल्ली पचत नाही मला. नको देत जाऊस.’ मी दोनदा आग्रह केला की एकदाच, आठवत नाही. पण दुसऱ्या दिवशी वहीत ‘दूध, पाव लिटर कमी’ असं लिहून त्याखाली रेघ मारली होती, ती रेघ आजही आहे. आनंदानं मारलेली रेघ आहे ती. पंधरा दिवसांनी फळं दातांना लागायला लागली. मग रात्रीची भूकच कमी झाली. ‘वय झालं गं,’ म्हणायच्या, आणि मी म्हणायचे, ‘हो आई, हलकंच बरं.’

इकडे टोमॅटो जोरात होते. गडद हिरवी, जाडजूड रोपं. मला वाटलं, आता बघत राहा. पुढे कळलं की शेणखत आणि वर आठवड्याला दिलेलं नत्राचं खत यामुळे ती नुसती पानं वाढवत होती. फुलं आली ती गळून गेली, कारण रात्री उकाड्याच्या होत्या, आणि रात्रीचा पारा चोवीस-पंचवीसच्या खाली येईना की टोमॅटोचं फूल फळ धरत नाही. जी थोडी फळं धरली, ती वाढेपर्यंत पांढरी माशी आली. पानं वरच्या बाजूला वळली, आखडली, रोपांची वाढ थांबली. पर्णगुच्छ हा विषाणूचा रोग, तो माशी पसरवते. एकदा रोपात शिरला की त्यावर औषध नाही. रोप उपटायचं आणि बाकीची वाचवायची. चोवीसपैकी सतरा रोपं मी उपटली. उरलेल्या सात रोपांचे टोमॅटो एकूण भरले एक किलो सातशे ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी स्वतः तोलले.

पहिला टोमॅटो लाल झाला तेव्हा मी आईंना गच्चीवर बोलावलं होतं. त्या कठडा धरून आल्या आणि दोनदा जिन्यात बसल्या. मी वरून म्हटलं, ‘सावकाश या, घाई नाही.’

दोन आठवड्यांनी त्यांना सकाळी चक्कर आली. दवाखान्यात वजन केलं. चार महिन्यांत साडेचार किलो उतरलं होतं. डॉक्टरांनी तपासण्या लिहिल्या, त्यांत नंतर काहीच निघालं नाही. मग त्यांनी विचारलं, दिवसभरात काय खाता? आईंनी उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागतात तसं नाही, तर मला सांभाळून घेताना पाहावं तसं. म्हणाल्या, थोडंसंच खाते. डॉक्टरांनी विचारलं, दूध? त्या म्हणाल्या, ‘घ्यायचे. सध्या घरात जरा ओढाताण आहे.’

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. माझंच वाक्य होतं, माझ्याच चालीत.

रिक्षात बसल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘टोमॅटोची राहिलेली रोपं धरतील ना गं?’

रात्री सगळे झोपल्यावर वही काढली. शोधावं लागलं नाही. चार पानं शेजारी शेजारी ठेवली की दिसत होतं. ज्या आठवड्यांत ‘भाजी’ चढली होती, त्याच्या पुढच्या आठवड्यांत ‘दूध’ उतरलं होतं, मग ‘फळं’. मी इतका चोख हिशेब ठेवला होता की माझा गुन्हा माझ्याच अक्षरात तारखेनिशी लिहून निघाला.

यावर मला सांगितलं जातं, तू काही त्यांना दूध नाकारलं नव्हतंस. बरोबर आहे. मी नाकारलं नव्हतं. त्यांनी नाकारलं आणि मी लिहून घेतलं. यात फरक आहे की नाही, हे कधी मला हो वाटतं, कधी नाही.

रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञानं १९८५ मध्ये एक गोष्ट मांडली, २०१७ मध्ये नोबेल मिळालेल्या त्याच्या कामाचा ती भाग आहे: माणूस मनात पैशांचे वेगवेगळे खाने करतो आणि रुपया तोच असला तरी खान्याच्या नावाप्रमाणे त्याच्याशी वेगळं वागतो. माझी वही, माझी पाकिटं सगळी यावरच चालतात. ‘भाजी’चे पैसे ‘किरकोळ’मध्ये जाऊ द्यायचे नाहीत, म्हणूनच महिना टिकतो. पण खान्याला नाव मी देणार, आणि मातीला ‘भाजी’ म्हटलं की मन खुशाल खर्च करू देतं. जी शिस्त मला तारते तिनंच त्या वर्षी मला झाकलं. म्हणून शिस्तच चुकीची, असं मी म्हणणार नाही. वहीशिवाय तर मला कधीच कळलं नसतं.

आता बागेचे पैसे वेगळ्या पाकिटात असतात, त्यावर ‘बाग’ लिहिलंय, आणि ते किराण्यातून येत नाहीत, माझ्या स्वतःच्या खर्चातून येतात. कुंड्या दहा ठेवल्या, बाकीच्या देऊन टाकल्या. एवढं केल्यावर भाजीनं पैसे वाचतात का? पालेभाज्या आणि कोथिंबीर-पुदिन्यापुरते वाचतात, पण लोकांना वाटतं तसे नाही. विकतची जुडी आणली की चिमूटभर वापरून उरलेली काळी पडते. कुंडीतून लागेल तेवढंच कापता येतं. वाचतं ते सडण्यातलं. टोमॅटोचं तसं नाही. माझ्या रोपांना ज्या हंगामात भरभरून येतात, त्याच हंगामात सगळ्यांच्याच शेतात येतात आणि बाजारात ते सगळ्यात स्वस्त असतात. महाग असतात तेव्हा माझ्या रोपांनाही तेच ऊन नि तीच माशी असते.

युद्धकाळातल्या परसबागांचं उदाहरण मला हमखास ऐकवलं जातं. १९४४ मध्ये अमेरिकेत ताज्या भाज्यांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास घरच्या आणि सार्वजनिक बागांतून येत होत्या, असा अंदाज सांगतात. असेल. पण तिथे डबाबंद भाज्यांवर १९४३ पासून रेशन होतं. पैसे असूनही मिळत नव्हतं, म्हणून पिकवत होते. माझ्यापुढे प्रश्न मिळण्याचा नव्हता, पुरण्याचा होता. पैसे पुरवायला म्हणून पिकवणारीला आधी पैसे घालावे लागतात, आणि ते कुणाच्या वाट्यातून निघतात हे त्या उदाहरणात येत नाही.

मग अजून का पिकवता, असंही विचाराल. सकाळी अर्धा तास वर गेले की मला बरं वाटतं, आणि बरं वाटण्यासाठी मी खर्च करते. हे वाक्य म्हणायला मला तीन वर्षं लागली. तेव्हाच म्हटलं असतं तर तो खर्च ‘भाजी’त गेला नसता, हे एक. आणि पैशांची ओढ असताना असं वाक्य म्हणण्याची घरात सोय नसते, मला तरी नव्हती, हे दुसरं. दोन्ही खरं आहे, आणि दुसऱ्यामुळे पहिल्याला सूट मिळते की नाही, हे मी ठरवू शकलेले नाही.

आईंना कळलं होतं का? ती वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची. हिशेब लिहायला मला त्यांनीच शिकवलं. रकाने त्यांच्याच हातचे, मी फक्त पुढे चालवले. ‘भाजी’खालचा आकडा त्यांनी वाचला नसेल, असं मानणं मला जड जातं. विचारायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. रोज समोर असतात, मी विचारलेलं नाही.

दूध त्याच आठवड्यात पुन्हा सुरू केलं. वजन बरंचसं भरून आलं. रात्री मी पेला घेऊन जाते तेव्हा बहुतेक वेळा त्या घेतात. कधीतरी मात्र म्हणतात, ‘आज नको गं, पचत नाही.’ मी पेला हातात धरून तिथेच उभी राहते. खरंच पचत नसेल, तर आग्रह करून त्रास कशाला द्यायचा? पण मग आज घरात माझ्या तोंडून काय गेलं, कशाला नाही म्हटलं, कुणासमोर म्हटलं, हे मी आठवायला लागते.