'लेडीज मशीन'वरचे सोळा आठवडे

या मंगळवारी सोळावा आठवडा संपला. वहीत खरडलेले आकडे एकदा नीट मांडून ठेवतो, कारण जांघेच्या व्यायामाबद्दल आपल्याकडचे पुरुष फारसं बोलत नाहीत. दुखायला लागलं की मग बोलतात.

आधी माझी परिस्थिती. वय ४३, वजन ७८ किलो, काम खुर्चीवरचं. आठवड्यातून तीन दिवस जिम, रविवारी टर्फवर बॉक्स क्रिकेट. मी विकेटकीपर. एप्रिलमध्ये लेगसाइडला जाणारा एक चेंडू अडवायला पाय फाकवून झेपावलो आणि उजव्या जांघेत चमक भरली. चार दिवस लंगडलो, तीन आठवड्यांनी बरं वाटलं म्हणून पुन्हा खेळलो, पुन्हा तीच चमक, तीच जागा. मग मुकाट्याने फिजिओताईंकडे गेलो.

त्यांनी उताणं झोपवलं, दोन घोट्यांच्या मध्ये चेंडू दिला आणि म्हणाल्या, "पाय सरळ ठेवून पाच सेकंद जोरात दाबा. दहापैकी किती दुखतंय?" मी म्हटलं, पाच. "दोनपर्यंत हिरवा दिवा, तीन ते पाच पिवळा, सहापासून लाल. तुम्ही पिवळ्याच्या टोकाला आहात." मग पायांचे कोणते व्यायाम करता, असं विचारलं. मी ऐटीत यादी दिली: स्क्वॉट, लेग प्रेस, लेग एक्स्टेन्शन, लेग कर्ल. "आणि मांडी आत ओढायचा?" मी गप्प. अकरा वर्षं जिमला जातोय, त्या मशीनवर एकदाही बसलो नव्हतो.

आमच्या जिममध्ये ते मशीन पाण्याच्या कूलरशेजारी, कोपऱ्यात आहे. नाव 'इनर थाय'. शेजारी त्याचं भावंड, 'आउटर थाय'. पहिल्या दिवशी बसलो तर ट्रेनर पोरगा धावत आला, "सर, ती लेडीज मशीन आहे. लेग प्रेस रिकामी झालीये बघा." मांडीला आत आणि बाहेर अशी बायकांची आणि पुरुषांची वाटणी कुणी करून दिली कोण जाणे.

पहिला आठवडा सपशेल वाया घालवला. वजन ठरवणारी पिन ६० किलोवर टाकली, लिव्हर दोन नंबरवर ठेवला, म्हणजे पाय जेमतेम खांद्याएवढे उघडत होते, आणि धडाधड १५ रेप्स, म्हणजे आवर्तनं, मारल्या. घामही आला नाही. 'हे तर काहीच नाही' असं वाटून उठतोय, तोवर माझ्यामागे थांबलेल्या काकू बसल्या. साठीच्या असतील, पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली. त्यांनी लिव्हर थेट शेवटच्या खाचेत नेला, ३५ किलो लावले आणि अगदी सावकाश, दळण दळावं तशा, १२ रेप्स काढल्या. उठताना मला म्हणाल्या, "अहो, तुम्ही एवढंसंच उघडता होय? दार किलकिलं ठेवून पाहुण्यांना या म्हटल्यासारखं."

पुढच्या वेळी लिव्हर पाच नंबरवर नेला. आमच्या मशीनला सहा खाचा आहेत. ६० किलो हललेच नाहीत. ४० वर पॅड अर्ध्यात येऊन थरथरत थांबले. शेवटी २५ किलोवर गाडी आली. वहीतली पहिली खरी नोंद: २५ किलो, तीन सेटमध्ये ११, ९, ८ रेप्स.

हा स्नायू कसा आहे ते कळल्यावर मला यात खरा रस आला. आतल्या बाजूला एक नाही, पाच स्नायू आहेत, मिळून त्यांना अ‍ॅडक्टर म्हणतात: पेक्टिनियस, अ‍ॅडक्टर ब्रेव्हिस, लाँगस, मॅग्नस आणि ग्रॅसिलिस. ग्रॅसिलिस तेवढा गुडघा ओलांडून खाली जातो, बाकीचे मांडीच्या हाडावरच संपतात. चमक बहुतेक वेळा लाँगसमध्ये भरते. पण आकाराने बापमाणूस म्हणजे मॅग्नस. त्याचा मागचा भाग आपण ज्या हाडावर बसतो तिथून निघतो आणि हॅमस्ट्रिंगसारखंच (मांडीमागच्या स्नायूंसारखंच) काम करतो, म्हणजे वाकलेली कंबर सरळ करतो. खोल बैठकीतून उठताना हाच ढकलतो. जपानमध्ये २०१९ साली दहा आठवड्यांचा एक अभ्यास झाला. पूर्ण खाली जाऊन स्क्वॉट मारणाऱ्यांच्या अ‍ॅडक्टरचं आकारमान ६.२ टक्के वाढलं, अर्ध्यावर थांबणाऱ्यांचं २.७ टक्के. हे वाचून मला माझा ९० किलोचा स्क्वॉट आठवला, जो मी वर्षानुवर्षं अर्ध्यावरून परत आणत होतो. खाली गेलो की गुडघे डगमगायचे, म्हणून मी खाली जायचंच सोडलं होतं. दोष गुडघ्यांना देत होतो. पट्टे, स्लीव्ह्ज, सगळं विकत घेऊन झालं होतं.

आता बसायचं कसं ते, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. ढुंगण पार मागे, पाठ पूर्ण टेकलेली, हात बाजूच्या दांड्यांवर. पॅड गुडघ्याच्या जरा वर, आतल्या बाजूला. लिव्हर ओढून पाय उघडायचे आणि ताण जिथे 'लागतो' पण 'चावत' नाही तिथली खाच धरायची. तिथून एका दमात बंद, एक सेकंद दाबून धरायचं, मग तीन मोजत उघडायचं. उघडणं हीच खरी कमाई. वजनाचा गठ्ठा 'ठक्क' असा आपटला म्हणजे ती रेप गेली वाया. शेवटच्या दोन रेप्सना अंग पुढे झुकवून झटका द्यायचा मोह होतो. मी तो आरशात पकडला. पिन कितीवर आहे यापेक्षा लिव्हर कुठल्या खाचेत आहे ते वहीत आधी लिहायची सवय लावली. खाच बदलली की मागचे आकडे रद्द, नव्याने सुरुवात.

पहिल्या 'खऱ्या' दिवसानंतरचे तीन दिवस मात्र विचारू नका. स्कूटरवर टांग टाकताना डोळ्यांत पाणी. गावाकडच्या संडासात बसायची वेळ आली नाही हे नशीब. हे अंग धरणं आणि जुन्या दुखापतीची चमक यातला फरक ओळखायला मला दोन आठवडे लागले. अंग धरतं ते मांडीच्या मधोमध, रुंद जागेवर आणि दोन्हीकडे सारखं. चमक असते ती पार वर, हाडाजवळ, बोट ठेवून दाखवता येईल अशी. दुसऱ्या प्रकारचं दुखत असेल तर मशीनवर बसू नका, कुणाला तरी दाखवा.

आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार, स्क्वॉटनंतर तीन सेट. तिन्ही सेटमध्ये १५ झाल्या की एक प्लेट वर. ऐकायला सोपं आहे, पण आमच्या मशीनची प्लेट पाच किलोची. २५ वरून ३० म्हणजे एकदम २० टक्क्यांची उडी, आणि छोट्या स्नायूला ती झेपत नाही. म्हणून १५ वर न थांबता १८ पर्यंत गेलो, मग तीस. पाचव्या आठवड्यात ३० किलोवर ११, १०, ९. चेंडू दाबायच्या चाचणीत दुखणं एकवर आलं.

एकवर आलं म्हणून सहाव्या आठवड्यात खेळायला गेलो. जुलै, बाहेर धो धो पाऊस, टर्फ ओलं. तिसऱ्याच षटकात पाय घसरला आणि दोन पाय दोन दिशांना. चमक तीच, पण एप्रिलसारखी नाही. संध्याकाळी चाचणी केली: चार. फिजिओताईंना फोन केला तर म्हणाल्या, "मशीनवर कमावलंत ते ताकदीचं. घसरताना लागतं ते लांब झालेल्या स्नायूने ब्रेक लावणं. कोपनहेगन सुरू करा, पण हा आठवडा जाऊ द्या."

कोपनहेगन प्लँक म्हणजे कुशीवर, कोपरावर अंग तोलायचं, वरचा पाय बाकावर आणि खालचा पाय हवेत. वरच्या पायाच्या आतल्या बाजूने सगळं शरीर उचलून धरायचं. सोप्या प्रकारात बाकावर गुडघा टेकतो, अवघड प्रकारात घोटा. नॉर्वेतल्या फुटबॉल संघांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या एकाच व्यायामावर बेतलेल्या कार्यक्रमाने जांघेच्या तक्रारी ४१ टक्क्यांनी घटल्या होत्या. मी गुडघ्याच्या प्रकारानेच सुरू केलं. उजव्या बाजूला चार रेप्स, डावीला सात. मशीनवर दोन्ही पाय एकत्र ढकलत असल्याने ही तफावत मला कळलीच नव्हती. चांगला पाय लंगड्याचं काम गुपचूप उरकत होता. मशीनचा हा मोठा तोटा, आणि तो वहीत दिसत नाही.

मध्यंतरी एक गंमत केली. अमेरिकेतल्या आइस हॉकीपटूंवरचा २००१ चा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो: आतल्या स्नायूंची ताकद बाहेरच्यांच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या खेळाडूंना जांघ दुखावण्याचा धोका १७ पट होता. म्हणून मी दोन्ही मशीनवर किती किलो निघतात ते भागून पाहिलं. उत्तर आलं ६० टक्के, घाबरलो. मग डोकं चाललं. तिथे ताकद मोजली होती हातात धरायच्या यंत्राने. इथे एका मशीनची कप्पी वेगळी, दुसऱ्याच्या पॅडची जागा वेगळी. एका मशीनवरचे ३० किलो म्हणजे दुसऱ्यावरचे ३० किलो नव्हेत. हेच दुसऱ्या जिममधल्या मित्राच्या आकड्यांनाही लागू. 'तू किती मारतोस?' या प्रश्नाला इथे काही अर्थ नाही.

सातवा आठवडा: लिव्हर तीन, २० किलो, नुसतं रक्त फिरवायला. आठवा: परत पाच नंबर, २५. नववा: ३०. अकरावा: ३५ किलो, १३, १२, १०, म्हणजे काकूंची बरोबरी. त्या दिवशी काकू ४५ वर होत्या.

तेराव्या आठवड्यात गणपती, पाच दिवस जिम बंद आणि मोदक चालू. पण या प्रवासातली सगळ्यात समाधानाची नोंद तिथेच झाली. पूर्वी मांडी घालून बसलो की माझे गुडघे दोन तंबूंसारखे वर उभे राहायचे. आरतीनंतर पंगतीला मी कायम भिंत शोधायचो. जूनमध्ये मोजलं होतं तेव्हा उजवा गुडघा जमिनीपासून वीतभर वर होता. या वेळी पंगतीत बसल्या बसल्या हात घालून पाहिलं: चार बोटं. वेगळं स्ट्रेचिंग काहीच केलेलं नाही. उघडताना तीन सेकंद, ताणलेल्या टोकापर्यंत, आठवड्यातून दोनदा, एवढंच.

चौदावा: ४०. सोळावा, म्हणजे परवाचा: लिव्हर पाच, ४५ किलो, १२, ११, १०. कोपनहेगन घोट्यावर, उजवी आठ, डावी नऊ. चेंडूची चाचणी शून्य. स्क्वॉट ९० वरून ६० वर उतरवून पूर्ण खाली जायला लागलो होतो, आता ७५ किलोच्या पाच निघतात आणि गुडघे जागेवर राहतात. गुडघ्याच्या वाटीपासून २० सेंटिमीटरवर मांडीचा घेर ५६.५ होता, तो ५७.५ झाला. टेप धरण्यातल्या चुकीएवढाच फरक आहे हा, त्याचं मी काही मिरवत नाही. आणि हो, 'यानं मांडीची चरबी उतरते का?' असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी: नाही. स्नायू ज्या जागेचा वापरला त्याच जागेची चरबी जळते असं नसतं. ट्रेनर काही म्हणो.

आता शेवटचं, जरा विषयांतर. मी चौदा वर्षांचा होईपर्यंत सांगलीत मल्लखांब करायचो. कुस्तीगिरांच्या सरावातून आलेली विद्या. उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी तिला नवं आयुष्य दिलं. तिथे पहिली शिकवतात ती अढी: खांबाला पायांची मिठी मारायची आणि हात सोडायचे. सगळा भार मांड्यांच्या आतल्या बाजूवर. म्हणजे ज्या मशीनला मी अकरा वर्षं हसत होतो, त्याचं काम मी लहानपणी लाकडावर रोज करत होतो. तिसरीतल्या पोरांचं असतं ते.

मागच्या रविवारी सांगलीला गेलो होतो, तर जुन्या व्यायामशाळेत डोकावलो. खांब तोच नाही, पण जागा तीच. हाफपँट होतीच. म्हटलं बघू तरी. सरांना विचारून चढलो, अढी घातली, हात सोडले. एक, दोन, तीन, चार... आणि पाचव्याला सावकाश, अगदी मानाने, सरळ खालच्या गादीवर.

रांगेत उभं असलेलं आठ-नऊ वर्षांचं एक पोरगं एरंडेलाची बाटली हातात घेऊन सगळं बघत होतं. ते म्हणालं, "काका, अजून तेल तर लावलंच नाहीये."