माझा अनुभव: बर्लिनच्या रस्त्यावर लोकांचे फोटो काढताना

जर्मनीत रस्त्यावर लोकांचे फोटो काढलेले चालतात का, असं इथे नवीन आलेली आपली मंडळी बरेचदा विचारतात, म्हणून माझा बर्लिनचा अनुभव एकदा सविस्तर लिहून काढतेय. मी मूळची दादरची. तिथे पहाटे फूल मार्केटला कॅमेरा घेऊन गेलं की "ताई, आमचा पण काढा की" म्हणत चार जण समोर येऊन उभे राहायचे, आणि त्यांना कॅमेऱ्याकडे बघू नका, तुमचं काम चालू ठेवा हे समजावताना नाकी नऊ यायचे. इथे कॅमेरा नुसता वर केला तरी कुणी तोंड फिरवतं, कुणी हात आडवा धरतं, एका आजींनी तर जवळ येऊन फोटो डिलीट करायला लावला आणि स्क्रीनवर खात्री करूनच त्या पुढे गेल्या.

म्हणून सुरुवातीला बरेच महिने मी माणसं सोडून नुसत्या रंगांच्या मागे फिरले, आणि खरं सांगते, बर्लिनला करडं शहर म्हणणाऱ्यांनी ते नीट बघितलेलंच नाही. रस्त्याच्या कडेने, कधी गाड्यांच्या डोक्यावरून कमान करून जाणारे गुलाबी नाहीतर निळे जाडजूड पाइप दिसतात, मला वाटलं कसलं तरी आर्ट आहे, तर शहराखाली अगदी थोड्या खोलीवर पाणी लागतं, बांधकामासाठी खड्डा खणला की तो भरतो, ते उपसलेलं पाणी कालव्यात नेऊन सोडायला हे पाइप असतात. काम संपलं की पाइप गायब, आणि दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीत हजर. मग यू-7 ही भुयारी रेल्वेची लाइन. रायनर र्‍युमलर या आर्किटेक्टने हिची कितीतरी स्टेशनं केलीत, कोन्स्टान्त्सर श्ट्रासला लाल-नारिंगी-पिवळे पट्टे भिंतीवरून धावत जातात, 1984 साली सुरू झालेल्या पाउलश्टेर्नश्ट्रासला तर खांबांवर आणि भिंतींवर फुलापानांची अख्खी बाग आहे, आणि त्यात पिवळी ट्रेन येऊन थांबली की काय रंग दिसतात! पण माणसाशिवाय ते सगळं कॅलेंडरसारखं वाटायला लागलं. मला रोजचं जगणं हवं होतं.

मग बसून कायदा वाचला. मूळ कायदा 1907 चा आहे आणि तो येण्यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. 1898 मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क वारला तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री त्याच्या खोलीत घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले, त्यावरून प्रचंड गदारोळ झाला आणि माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवर हक्क असतो ही गोष्ट पुढे कायद्यात आली. त्या माणसाच्या परवानगीशिवाय त्याचा फोटो पसरवायचा नाही, जाहीर मांडायचा नाही, हा मुख्य नियम. अपवाद आहेत, म्हणजे जागेचा फोटो आहे आणि माणसं त्यात ओघाने आलीत, किंवा मिरवणूक, सभा वगैरे, किंवा कलेसाठी काढलेला. पण कलेचा अपवादही सरसकट चालत नाही. एस्पेन आइशहोफर या फोटोग्राफरने रस्त्यावरच्या एका बाईंचा फोटो बर्लिनच्या प्रदर्शनात, तोही भर रहदारीच्या रस्त्यालगत मोठा करून लावला होता, त्या बाई कोर्टात गेल्या, आणि प्रकरण घटना न्यायालयापर्यंत पोचलं. 2018 मध्ये न्यायालयाने स्ट्रीट फोटोग्राफी ही कला आहे हे मान्य केलं, पण असा मोठा करून रस्त्यालगत लावल्याने त्या बाईंच्या हक्काचा भंग झाला, हा खालच्या कोर्टाचा निकाल काही बदलला नाही. म्हणजे दोन्ही बाजूंचं वजन बघितलं जातं. हे वाचून माझी भीती गेली, कारण कुठे थांबायचं ते कळलं. नुसता काढलेला फोटोही एखाद्याच्या खासगीपणावर घाला घालू शकतो, त्यामुळे लहान मुलांचे मी काढतच नाही, आणि ज्यात चेहरा हाच विषय आहे तो विचारल्याशिवाय नाही.

विचारून काढलेला फोटो नैसर्गिक येत नाही असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. उलटा अनुभव आलाय, आणि तो आला मायबाखउफरच्या बाजारात.

हा बाजार लांडवेअर कालव्याच्या काठाने मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो, सगळे त्याला तुर्की बाजार म्हणतात. कामगार आणण्यासाठी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी 1961 मध्ये केलेल्या करारानंतर तिथून कामगार इथे आले, त्यांची आता तिसरी-चौथी पिढी या भागात आहे. भाजी, ऑलिव्ह, मीटरवर विकायचं कापड, गरम गोझलेमे म्हणजे सारण भरलेली तुर्की पोळी, आणि "आइन ऑयरो, आइन ऑयरो" (एक युरो, एक युरो) असा ओरडा, मला तर पहिल्याच फेरीत मंडईत आल्यासारखं झालं. मी ठरवलं की सगळं शहर पालथं घालायचं नाही, इथेच यायचं. सुरुवातीला नुसती भाजी घेतली, मग कॅमेरा गळ्यात दिसेल असा ठेवला, आणि मग एका डाळिंबवाल्या काकांना "दार्फ इश आइन फोटो माखन?" (एक फोटो काढू का?) एवढं एक वाक्य विचारलं. ते म्हणाले आधी डाळिंब खा. त्यांनी सुरीने वरची टोपी काढली, फाकींच्या रेषेवर हलके चिरे दिले आणि दोन्ही अंगठ्यांनी फळ उघडलं, मी पहिला फोटो त्या अंगठ्यांचा घेतला, नखांच्या कडेला रस मुरून काळसर झालेला. नंतर ते गिऱ्हाइकात गुंतले आणि मला विसरलेच, मग चेहऱ्याचे हवे तसे फोटो मिळाले.

तांत्रिक भाग थोडा सांगते कारण यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. बाजारावर ताडपत्र्या असतात, लाल, हिरव्या, निळ्या, ऊन त्यातून गाळून येतं आणि खालचं सगळं त्या रंगात न्हातं. टोमॅटोला लाल ताडपत्री झक्कास, पण त्याच उजेडात माणूस उकडल्यासारखा दिसतो आणि ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड बघून रंग आपोआप जुळवणारं कॅमेऱ्यातलं सेटिंग, पार गोंधळतं. मी आता रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढते, व्हाइट बॅलन्स डेलाइटला म्हणजे दिवसाच्या उजेडाला बांधून ठेवते, आणि शक्यतो कालव्याच्या बाजूने आडवा उजेड येतो तिथे उभी राहते, म्हणजे कपड्यांवर ताडपत्रीचा रंग राहतो पण चेहऱ्याची एक बाजू खऱ्या रंगाची मिळते. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, थोडं कमी ठेवलं की रंग फिके पडत नाहीत. 35 एमएम लेन्स पुरते, लांबून झूम करून काढलं की लोकांना चोरून काढल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

हिवाळ्यात डिसेंबरमध्ये चारच्या आतच सूर्य मावळतो, ऑफिस सुटेपर्यंत काळोख. तेव्हा श्पेटी म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी छोटी दुकानं, त्यांच्या पाट्यांचे दिवे, ओला रस्ता, ट्रामच्या धुरकट काचा. काही गल्ल्यांत अजून गॅसचे दिवे आहेत, त्यांचा उजेड फार मायाळू असतो.

फोटो काढला की त्याची छोटी प्रिंट करून पुढच्या वेळी नेऊन द्यायची, हा माझा नेम आहे. डाळिंबवाल्या काकांनी ती वजनकाट्याच्या मागे चिकटवलीय, त्यामुळे शेजारचे स्वतःहून बोलावतात. कुठे लावायचा असेल तर पुन्हा वेगळं विचारते आणि होकार लिहून घेते, नाही म्हणाले तर फोटो माझ्याकडेच राहतो. कापडवाल्या आब्लांनी (तुर्कीत आब्ला म्हणजे ताई) स्वतःचा फोटो लावायला हो म्हटलंय, पण त्यात मागे त्यांची कॉलेजमधली मुलगी गठ्ठे उचलताना दिसतेय. तिला अजून विचारायचंय, परीक्षा संपली की शुक्रवारी दुकानात बसेल म्हणाल्यात.