टाके दवाखान्यात, पू माहेरी

इन्फेक्शन कंट्रोलचं काम माझ्याकडे आलं ते मी सगळ्यांत ज्युनिअर होते म्हणून. मेडिसिनमध्ये एमडी झाले होते आणि वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान दवाखान्यात लागले होते. समितीचं सचिवपद कोणालाच नको असतं: मीटिंग भरवा, इतिवृत्त लिहा, सह्यांसाठी लोकांच्या मागे फिरा.

दर महिन्याच्या तक्त्यात सिझेरियनच्या जखमेच्या इन्फेक्शनसमोर शून्य असायचं. नियमाप्रमाणे ऑपरेशननंतर 30 दिवसांत जखम पिकली तर ती दवाखान्याच्या खात्यावर पडते. आमची बाळंतीण मात्र आठवडाभरात सुट्टी घेऊन माहेरी जायची. तिथं टाके पिकले तर गावातल्याच डॉक्टरकडे ड्रेसिंग. ओली बाळंतीण आणि तान्हं घेऊन एसटीनं परत कोण येणार?

मग सुट्टी झालेल्या बायकांना फोन करायचं ठरवलं. यावर संशोधन करायचं तर एथिक्स कमिटीची परवानगी हवी. कमिटीनं दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही रास्त होते. अंगठा देणाऱ्या बाईला संमतीपत्र वाचून दाखवताना बाहेरचा साक्षीदार कोण? आणि फोनवर पू असल्याचं कळलं तर नुसती नोंद करून फोन ठेवणार का? दुसऱ्या प्रश्नामुळे गाडीभाडं आणि औषधांचा खर्च बजेटमध्ये घालावा लागला.

फोन नवऱ्याचा, नवरा वावरात, बायको तिसऱ्याच गावी. आशाताई नसत्या तर काम तिथंच थांबलं असतं. “इन्फेक्शन झालं का?” विचारलं की उत्तर ठरलेलं, “नाही जी.” एका आशाताईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, असं नोका इचारू. पातळ टाक्याले चिकटते का, ते इचारा.” पातळ म्हणजे नेसलेलं लुगडं. तसं विचारायला लागलो आणि बायका बोलू लागल्या. “चिकटते जी, सकाळी ओलं करून काढा लागते.”

आकडा वाढला आणि वरिष्ठ रागावले. इन्फेक्शन आधीही होतंच, पण कागदावर आलं ते माझ्यामुळे, आणि त्यांच्या लेखी ‘दवाखान्याचं नाव खराब’ केलं तेही मीच. 1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं बाकीच्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, प्रसूतिगृहातले मृत्यू कमी करून दाखवले. तरी 1849 मध्ये त्याची नेमणूक पुढे वाढवली नाही. माझी नोकरी टिकली, ती बहुधा इकडे यायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून.

सुधारणा तशा साध्या होत्या. आदल्या रात्री वॉर्डात ब्लेडनं केस काढायचे, ते बंद केलं. ब्लेडनं कातडीला बारीक चिरा पडतात आणि जंतूंना तेवढं पुरतं. काढायचेच असले तर क्लिपरनं, म्हणजे केस कापायच्या मशीननं. अँटिबायोटिक बाळ निघाल्यावर देत, ते चिरा द्यायच्या आधीच्या तासाभरात द्यायचं ठरलं. हात धुण्याचं घोडं मात्र पाण्यापाशी अडलं. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर सरळ म्हणाल्या, “मे महिन्यात नळाले पानीच नसते, त हात कायनं धुवाव?” म्हणून हँडरब, म्हणजे पाण्याशिवाय हातांना चोळायचं जंतुनाशक, दवाखान्यातच बनवायचं ठरवलं. डब्ल्यूएचओच्या कृती दोन आहेत, एक इथेनॉलची आणि एक आयसोप्रोपिल अल्कोहोलची. जिल्हा दारूबंदीचा; इथेनॉलचे पिंप मागवायचे म्हणजे एक्साइजचे कागद. आम्ही आयसोप्रोपिल घेतलं. ते 75 टक्के, थोडं ग्लिसरीन, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. भरलेल्या बाटल्या 72 तास तशाच ठेवायच्या, म्हणजे बाटलीतले किंवा द्रावणातले चिवट बीजाणूही मरतात. ग्लिसरीन कमी पडलं की हात फुटतात आणि सिस्टर बाटलीला हात लावत नाहीत, हे उन्हाळ्यात कळलं.

फोनच्या कामावरचा शोधनिबंध, म्हणजे पेपर, जर्नलकडून पहिल्यांदा परत आला. फोनवरच्या निदानावर विश्वास कसा ठेवायचा, असं परीक्षकांचं म्हणणं. राग आला, पण मुद्दा बरोबर होता. मग काही जणींच्या घरी जाऊन जखमा प्रत्यक्ष पाहिल्या, फोनवरच्या उत्तरांशी ताडून घेतल्या, आणि तो भाग जोडून पेपर पुन्हा पाठवला. छापून आल्यावर तेच वरिष्ठ आल्यागेल्याला दाखवत होते!

सध्या मी लघवीच्या नळीच्या मागे आहे. नळी जितके दिवस राहील तितका धोका वाढतो, म्हणून रोजच्या राउंडला ‘ही अजून हवी का?’ विचारून ती काढायची, एवढंच काम. पण नळी काढली की रात्री पेशंटला धरून संडासापर्यंत न्यावं लागतं, आणि नाइटला अख्ख्या वॉर्डात सिस्टर एकच. ती म्हणते, “मॅडम, राहू द्या ना उद्यापर्यंत.” तिला काय सांगावं ते मला अजून सुचलेलं नाही. दुसरी सिस्टर मिळावी म्हणून अर्ज दिला आहे.