दिवाळी झाली की बघू

खंडेनवमीला मी कॉम्प्युटरची पूजा करते. म्हणजे हळदकुंकू लावते ते खाली, टेबलाच्या पोटात बसलेल्या सीपीयूला. आमच्याकडे येणारा हार्डवेअरवाला मुलगा दर वेळी सांगतो, ‘काकू, सीपीयू म्हणजे आतली ती चिप. ह्या डब्याला कॅबिनेट म्हणतात.’ म्हणत असतील. आमच्या घरात 2001 सालापासून तो सीपीयूच आहे, आणि आता ह्या वयात त्याचं पुन्हा बारसं करायची माझी तयारी नाही.

तर 2025ची खंडेनवमी, 1 ऑक्टोबर. सीपीयूला कुंकू लावलं, कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले आणि नेमकी तेव्हाच स्क्रीनवर पाटी आली : विंडोज 10ची सेवा 14 ऑक्टोबरला संपते आहे. नैवेद्य दाखवता दाखवता देवालाच घर खाली करायची नोटीस यावी, तसं झालं. आता कोणी विचारेल, खंडेनवमीला अवजारांना विश्रांती द्यायची असते, मग हा चालू कशाला होता? मी मराठी अक्षरजुळणी करते. दिवाळी अंकांच्या दिवसांत ही चैन परवडत नाही. 14 ऑक्टोबर म्हणजे वसुबारसेच्या तीन दिवस आधी. तेव्हा एखादा रेंगाळलेला अंक हमखास माझ्या टेबलावर असतो. जाहिरातदाराला फोन नंबर बदलून हवा असतो, संपादकांना आयत्या वेळी आलेली एक कविता कुठेतरी ‘सरकवायची’ असते आणि छापखान्यातून दर अर्ध्या तासाने फोन येत असतो. अशा वेळी कॉम्प्युटर बदलणं म्हणजे पंगत बसल्यावर शेगडी बदलणं.

‘दिवाळी झाली की बघू,’ असं म्हणून मी पाटी बंद केली.

हे वाक्य मी पहिल्यांदाच म्हणत होते असं नाही. 2021च्या दिवाळीतही म्हटलं होतं, 2023च्याही. दिवाळी काय, दर वर्षी होते.

खरं सांगायचं तर कॉम्प्युटर कधी बदलायचा हे ठरवायची वेळ माझ्यावर आधी कधी आलीच नाही. पहिला 2001 साली पतपेढीचं कर्ज काढून घेतला. पेंटियम थ्री, 128 एमबी रॅम, 20 जीबीची हार्डडिस्क आणि गुबगुबीत पाठीचा मॉनिटर. त्याला शिलाईवालीकडून मापाने कव्हर शिवून घेतलं होतं, आणि त्या खोलीत चपला घालून जायची मुलाला बंदी होती. तो गेला भारनियमनाच्या दिवसांत. वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा आतून जळका वास आला. दुसरा 2008चा. त्याच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले, पावसात लाकडी दार फुगतं तसे. म्हणजे दोघेही आपापल्या मरणाने गेले. मी फक्त सुतक पाळलं आणि नवा आणला.

तिसरा, 2016च्या गुढीपाडव्याचा, मरेना. पंचाईत तिथेच झाली.

मरेना म्हणजे काय, मी मरू दिला नाही. 2018 साली एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, बदलला. मग पंखा. मग 2020मध्ये जुनी हार्डडिस्क काढून 240 जीबीची एसएसडी घातली आणि तेव्हा जे झालं त्याला पुनर्जन्मच म्हणायला हवं. त्याआधी माझा रोजचा क्रम ठरलेला होता : बटण दाबायचं, चहाचं आधण ठेवायचं, आलं किसायचं, चहा गाळायचा, कप घेऊन यायचं, तरी स्क्रीनवर ते गोल गोल चालूच. जुन्या डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला 7200 फेरे घेतात आणि त्यांच्यावरून एक बारीकसा हात हवी ती जागा शोधत फिरतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. त्यामुळे आधणाला बुडबुडे यायच्या आत कॉम्प्युटर तयार. पहिले आठ दिवस माझा चहाच राहायचा. कोणी मला विचारलं की जुना कॉम्प्युटर बदलू का, तर मी आधी विचारते, एसएसडी घातली आहेस का? नसशील तर आधी ती घाल, मग बोल.

नंतर एकदा तो म्हणायला लागला की आज 1 जानेवारी 2015 आहे. कितीही समजावा, रात्री बंद केला की सकाळी पुन्हा 2015. त्यामुळे बँकेची साइट उघडेना, वीजबिल भरता येईना. तारीख चुकली की त्या साइटींची ओळखपत्रं कॉम्प्युटरला खोटी वाटतात. मी मनाची तयारी केली, झालं, संपलं ह्याचं. हार्डवेअरवाला मुलगा आला, डबा उघडला, मदरबोर्डवरचा रुपयाएवढा गोल सेल काढला, दुसरा बसवला, चहा प्यायला आणि गेला. तीन व्होल्टचा सेल. पंचांग तेवढ्यावर चालतं म्हणे.

असे एकेक ठिगळ लागत गेले. आजीच्या गोधडीत मूळ लुगडं कुठलं हे शेवटी तिलाही सांगता यायचं नाही. आमच्या सीपीयूचं तसंच झालं. 2016चं म्हणावं असं त्यात मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि दर्शनी पत्रा एवढंच उरलं होतं.

‘चालतोय की,’ हे आमच्या घराचं घोषवाक्य. मिक्सर 1994चा आहे, चालतोय. पंख्याचा रेग्युलेटर दोनवर अडकलाय, पण दोनवर चालतोय. मग कॉम्प्युटरनेच काय पाप केलं? ह्यावर मी बरेच दिवस विचार करत होते, बहुतेक वेळा तो हँग झालेला असताना. दुसरं करण्यासारखं काही नसायचं. आणि एक दिवस लक्षात आलं की मिक्सरला 1994 साली ज्या ओल्या खोबऱ्याची चटणी वाटायची होती तीच आजही वाटायची आहे. खोबरं वर्षागणिक कठीण झालेलं नाही. कॉम्प्युटरचं तसं नाही. त्याच्या भांड्यात पडणारं खोबरंच बदलत गेलं. पूर्वी लेखक मजकूर फ्लॉपीत आणून द्यायचे, एका फ्लॉपीत 1.44 एमबी, त्यात अख्खी कादंबरी मावायची. आता चार ओळींच्या चारोळीबरोबर कवी आपला फोटो पाठवतात तो एकटाच पाच एमबीचा. साधं वर्तमानपत्र उघडावं तर बातमीच्या आधी तीन व्हिडिओ सुरू होतात. म्हणजे आमचा सीपीयू होता तिथेच होता, होता तेवढाच भरभर चालत होता. रस्ताच चढाचा झाला. हे कळल्यावर मला त्याच्याबद्दल फारच माया वाटायला लागली आणि निर्णय आणखी दोन वर्षं लांबला.

मुलगा बंगळुरूहून फोनवर म्हणायचा, ‘आई, रॅम वाढव. चारची आठ कर.’ पण माझं विंडोज 32 बिटचं. आठ घाला नाहीतर सोळा, त्याला चार जीबीच्या पलीकडचं मोजताच येत नाही. ‘मग 64 बिटचं टाक ना!’ हे म्हणणं सोपं आहे, कारण त्याला माझं लॉक माहीत नाही.

लॉक म्हणजे काय हे डीटीपीवाल्यांनाच, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करणाऱ्यांनाच कळेल. मी मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा सीडीबरोबर काडेपेटीएवढी एक डबी मिळाली होती. ती कॉम्प्युटरच्या मागे, जुन्या प्रिंटरची रुंद पिन लागायची तिथे लावायची. डबी असेल तर फॉन्ट उमटणार, नसेल तर नाही. मंगळसूत्रासारखी ती मी 20 वर्षं जपली आहे. 2016 साली नवा कॉम्प्युटर घेताना असा रुंद पोर्ट असलेला मदरबोर्ड मिळेपर्यंत मी त्या हार्डवेअरवाल्या मुलाला चार दुकानं हिंडवलं होतं. त्या डबीला 64 बिटच्या विंडोजशी बोलायचं शिकवणारा अजून मला कोणी भेटलेला नाही. आणि विंडोज 11 तर 32 बिटमध्ये निघतच नाही. वर त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझा सहाव्या पिढीतला. पत्रिका कुठूनच जुळेना.

बरं, जुन्या फॉन्टमध्ये केलेलं काम नव्या कॉम्प्युटरवर नुसतं उघडून भागत नाही. त्या काळचे फॉन्ट मराठी दाखवायचे, पण पोटात रोमन अक्षरांच्या जागा वापरायचे. फॉन्ट काढून घेतला की ‘आदरांजली’च्या ठिकाणी डॉलर, कंस आणि उलटे स्वल्पविराम. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, मी वापरतेही. पण त्यांची पहिली वेलांटी आणि रफार ह्यांच्याशी कायमची दुश्मनी. कारण आम्ही डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने टाइप करायचो : ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. ‘कर्म’मध्ये आम्ही म उमटवून त्याच्या डोक्यावर रफार ठेवायचो, युनिकोड म्हणतं, उच्चारात र आधी येतो, तेव्हा तो आधी. बरोबर युनिकोडचंच आहे, ते मला मान्य आहे. पण 20 वर्षांची फाइल बदलून घेतल्यावर शे-दोनशे वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, त्या हुसकायला मीच बसते ना.

14 ऑक्टोबर उजाडला. सकाळी बटण दाबलं. सुरू झाला. दुपारी अंकाचा शेवटचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा, छापखान्यात गेला. काहीही झालं नाही. ते जाहीर झालेल्या चक्रीवादळासारखं दुसरीकडेच वळलं. मुलाने फोनवर समजावलं की कॉम्प्युटर बंद पडणार नाहीये, फक्त सुरक्षेची नवी दुरुस्ती येणार नाही. आणि नोंदणी केली तर तीही वर्षभर, 13 ऑक्टोबर 2026पर्यंत मिळेल. मुदतवाढ हा शब्द ऐकला की मला फार बरं वाटतं. नोंदणी केली.

मग अचानक निर्णय का घेतला? कारण अगदी क्षुल्लक आहे. नोव्हेंबरात एका तरुण लेखिकेने आपलं हस्तलिखित पाठवलं आणि म्हणाली, ‘ताई, ऑनलाइनच आहे, तुम्ही आणि मी एकाच वेळी दुरुस्त करू.’ मी उघडलं. ती तिकडे शब्द खोडत होती ते मला दिसायला इतका वेळ लागत होता, की तिने खोडलेला परिच्छेद मी मनापासून सुधारून ठेवला. दोनदा. तिसऱ्यांदा ती हसली नाही, ‘असू दे ताई, मी पीडीएफ पाठवते,’ म्हणाली. त्या ‘असू दे’मध्ये जी काही माया होती ती मी सासूबाईंशी बोलताना वापरायचे. मला ती ओळखू आली.

डिसेंबरात लॅमिंग्टन रोडला गेलो, मी आणि तो हार्डवेअरवाला मुलगा. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. दुकानदाराने कागदावर प्रोसेसर, बोर्ड, एसएसडी असं एकाखाली एक लिहीत आणलं आणि रॅमपाशी पेन थांबवलं. ‘ह्याचा भाव आजचा सांगतो, उद्याचा विचारू नका.’ एआयच्या डेटा सेंटरांसाठी जगभरची मेमरी उचलली जाते आहे, त्यामुळे रॅम कडाडली होती. मुलाने माझ्याकडे पाहिलं. ‘काकू, दिवाळीच्या आधी घेतला असता तर...’ चार वर्षं मी ज्या रॅमला हात लावला नाही, ती मी घ्यायला निघाले त्याच महिन्यात सराफकट्ट्यावर जाऊन बसली. सोळा जीबी घेतली. घेताना तोळ्यांत विचारावंसं वाटलं.

जुना टाकला नाही. त्याची इंटरनेटची वायर काढून घेतली, म्हणजे बाहेरचं वारं लागायला नको. लॉकची डबी त्याच्या पाठीला तशीच आहे. जुनी पुस्तकं पुनर्मुद्रणाला आली की त्याला उठवायचं, बाकी वेळ त्याने टेबलाखाली पडून राहायचं. नवऱ्याने त्याच्यावर मनी प्लांट ठेवायचा प्रस्ताव मांडला, तो मी फेटाळला आहे.

नव्या कॉम्प्युटरवर सगळं युनिकोड, सगळं भरभर. अडचण निघाली ती भलतीकडेच. मराठी टायपिंगच्या तीस-चाळीसच्या परीक्षा मी रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या जुन्या अक्षरमांडणीवर दिल्या. त्यात क डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली येतो. मुलाने नव्यावर इनस्क्रिप्ट ही दुसरी अक्षरमांडणी सुरू करून दिली. ‘हेच शिक आई, हेच सगळीकडे चालतं,’ म्हणाला. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. क उजव्या मधल्या बोटाखाली, आणि माझ्या जुन्या क-च्या जागी हलंत. म्हणजे बोटं सवयीने क मारायला जातात आणि स्क्रीनवर शब्दाचा पाय मोडतो. रेमिंग्टनची सोय युनिकोडमध्येही करता येते, हे मला माहीत आहे. मुलाला ते सांगितलेलं नाही.

रोज सकाळी अर्धा तास बसते. नवा कीबोर्ड खोक्यातच ठेवला आहे, कारण त्याच्यावरची अक्षरं फार ठळक आहेत आणि नजर खाली जाते. जुना लावलाय. त्याच्यावरची सगळी अक्षरं घासून गेली आहेत, निम्म्या बटणांवर काहीच दिसत नाही. काल ‘कमळ’ पहिल्या झटक्यात आलं. ‘कर्म’ला अजून वेळ आहे.