उरलेली मेणबत्ती

आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारी पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती उभी असते. ईस्टरच्या आदल्या रात्री ती येते तेव्हा दोन्ही हातांनी धरावी लागते, इतकी जाड आणि उंच. पुढच्या ईस्टरआधीचा उपवासकाळ येईतो तिची रया जाते. काठ वितळून वेडेवाकडे झालेले, एका बाजूला मेणाचे ओघळ, वात खड्ड्यात रुतून बसलेली. जुन्या वस्तूंकडे लक्ष जायचं माझं वय झालंय, म्हणून असेल, पण मला ती याच दिवसांत जास्त जवळची वाटते. तिची देखभाल माझ्याकडे आहे. वात कापायची, मेण खरवडायचं, गरज पडेल तेव्हा लावायची आणि विझवायची. धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या मंडळीत, ज्याला गाता येत नाही आणि हिशेब जमत नाही, त्याला अशी कामं मिळतात.

तिचा जन्म मात्र थाटाचा असतो. चर्चमधले सगळे दिवे मालवलेले, बाहेर शेकोटी पेटवलेली. फादर मेणात टोकाने क्रूस कोरतात, वर अल्फा, खाली ओमेगा, म्हणजे ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत त्या वर्षाचे चार आकडे. मग क्रूसात धूपाचे पाच खडे रोवतात, येशूच्या पाच जखमांची आठवण म्हणून. ज्योत लागते आणि तो एकच दिवा अंधाऱ्या चर्चमध्ये शिरतो. पुढचं दीर्घ स्तुतिगीत चक्क या मेणबत्तीपुढे उभं राहून गायचं असतं, आणि त्यात मधमाश्यांच्या कष्टांचाही उल्लेख येतो. स्वर्ग आणि पृथ्वी एकत्र आल्याच्या त्या रात्री कुणाला तरी मेण कुठून आलं हे आठवलं, याचं मला दर वर्षी बरं वाटतं. 1988 साली रोमहून आलेल्या परिपत्रकातही बजावलंय की मेणबत्ती खऱ्या मेणाचीच हवी, दर वर्षी नवी हवी आणि एकच हवी. प्लास्टिकच्या नळीत तेल घालून वर्षानुवर्षं तीच ती वापरण्याची सोय काही जणांना सुचली असणार, त्याशिवाय असं लिहायची वेळ येत नाही.

ईस्टरपासून पन्नास दिवस ती वेदीजवळ असते. पेन्टेकॉस्टचा सण झाला की तिची रवानगी बाप्तिस्म्याच्या कुंडाकडे होते, आणि तिथून पुढे तिला मुख्यतः दोनच खर्च राहतात. मूल आलं की ती लागते, माणूस गेलं की लागते. मोठ्यातला मोठा सण असो नाहीतर थाटामाटाचं लग्न, तिच्यातलं बोटभर मेणसुद्धा त्यापायी खर्ची पडत नाही. त्यामुळे वर्षाच्या शेवटी ती किती उरली हे बघितलं की आमच्या धर्मग्रामाची जमाखर्चाची वही बघितल्यासारखं होतं. फरक एवढाच, की या वहीत जमा आणि खर्च एकाच रकान्यात पडतात. कुठलं मेण कुठल्या बाळाचं आणि कुठलं कुठल्या आजोबांचं, ते मेणाला ठाऊक नसतं.

बाप्तिस्म्याला तिच्यावरून बाळाची छोटी मेणबत्ती पेटवतात. ती धरायचा मान सहसा बापाला मिळतो आणि त्याचा हात हमखास थरथरतो. अंत्यविधीला तिच्यावरून काहीच पेटवत नाहीत, ती नुसती शवपेटीजवळ उभी असते. पण पेटीवर पवित्र पाणी शिंपडतात, वर पांढरं वस्त्र पसरतात. पाणी, पांढरं वस्त्र, मेणबत्ती. कितीतरी वर्षं मी हे सामान मुकाट्याने मांडलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की बाप्तिस्म्याला आपण नेमकं हेच मांडतो. पेटी ठेवण्याचीही एक जुनी रीत आहे. सामान्य माणसाचे पाय वेदीकडे, म्हणजे तो मिस्सेला, चर्चमधल्या मुख्य उपासनेला, बसल्यासारखा वेदीकडे तोंड करून असतो. धर्मगुरू गेले तर उलट, डोकं वेदीकडे आणि तोंड लोकांकडे. थोडक्यात, त्यांचं प्रवचन अजून संपलेलं नसतं.

उपवासकाळात मात्र या वहीचा तोल बिघडतो. बाप्तिस्मे शक्यतो ईस्टरवर ढकलतात. मरण ढकलता येत नाही. म्हणजे राखेच्या बुधवारपासून पुढचे दिवस मेणबत्ती जवळजवळ एकाच कामासाठी झिजते. सुरुवातच मुळी राखेने होते. गेल्या वर्षी ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, हिरव्यागार मिरवलेल्या झावळ्या वर्षभर घरोघर क्रूसामागे वाळतात, मग चर्चमध्ये परत येतात आणि जाळल्या जातात. त्यांचीच राख कपाळावर येते. ‘तू माती आहेस आणि मातीला मिळणार आहेस.’ 2018 आणि 2024 या दोन्ही साली हा बुधवार नेमका 14 फेब्रुवारीला आला होता. संध्याकाळच्या मिस्सेला कपाळावर राख आणि हातात लाल गुलाब अशी बरीच तरुण मंडळी दिसली. मला त्यात काही विजोड वाटलं नाही. कुणावर जीव जडला की माणूस मातीचा आहे ही गोष्ट एकदम महत्त्वाची होऊन बसते.

बुधवार ते ईस्टर मोजलं तर शेहेचाळीस दिवस भरतात. सहा रविवार वजा केले की चाळीस. रविवारी उपवास नाही, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, अगदी उपवासकाळातला, फादरांच्या जांभळ्या झग्यातला रविवारसुद्धा. सक्तीचे उपवास तर आता दोनच उरलेत, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, आणि तेही वयाची अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत. मी त्या रेषेच्या पलीकडे पोचलोय. चर्चच्या कायद्याने मला उपवासातून निवृत्त केलंय, राख मात्र अजून लावतात. तिला वयाची अट नाही.

या दिवसांत ‘आलेलुया’ हा स्तुतीचा शब्द म्हणत नाहीत. अंत्यविधीच्या मिस्सेतही नाही. घरच्यांना हे फार लागतं. ‘आईला तेच गाणं आवडायचं हो,’ असं म्हणत कुणी तरी फादरांकडे रदबदली करायला येतं आणि फादर अवघडून नकार देतात. पूर्वी मीही फादरांवर चिडायचो. एवढं काय बिघडतं एका शब्दाने? मग कळलं की मध्ययुगात फ्रान्समधल्या काही चर्चमध्ये उपवासकाळाआधी आलेलुयाला चक्क पुरत असत, मिरवणूक काढून, धूप जाळून, एखादा माणूस पुरावा तसं. पोरांना केवढी मजा येत असेल! आणि ज्याला पुरलं तो ईस्टरच्या रात्री परत येणारच, हे त्या पोरांना ठाऊक असायचं. आता कुणी रदबदलीला आलं तर मी त्यांना हे सांगतो. पटतंच असं नाही.

मरणानंतरच्या जीवनाबद्दल मला खूप काही ठाऊक असेल, असं लोकांना वाटतं. इतक्या जणांच्या शवपेट्यांशी मेणबत्ती लावणारा माणूस. खरं सांगायचं तर मला श्रद्धांगीकारातल्या, म्हणजे मिस्सेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीतल्या, शेवटच्या ओळीपलीकडे काही ठाऊक नाही, आणि ती ओळही सोपी नाही. उपवासकाळात आम्ही बहुधा प्रेषितांचा श्रद्धांगीकार म्हणतो, त्यात देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवायला सांगितलंय. नुसता आत्मा अमर आहे म्हटलं असतं तर फारसं कुणी अडलं नसतं. इथे देह म्हटलाय. माझा उजवा गुडघा उठणार असेल तर त्यावर आधी थोडी बोलणी व्हायला हवीत. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींपैकी कुणी तरी असंच विचारील, हे त्यांना पत्र लिहिताना संत पौलाने धरलंच होतं, की मेलेले उठणार ते कसल्या शरीराने? पौलाने उत्तराची सुरुवातच ‘अरे मूर्खा’ अशी केली आणि मग बियाण्याचा दाखला दिला. जे पेरतोस ते आधी मेल्यावाचून जिवंत होत नाही, आणि जे उगवतं ते पेरल्यासारखं दिसत नाही. गुडघ्याच्या बाबतीत मला एवढं पुरेसं आहे.

उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी, वाचनांच्या तीन वर्षांच्या फेऱ्यातलं ‘अ’ वर्ष असेल तर, लाजरसचं शुभवर्तमान येतं, मेलेल्या लाजरसला येशू उठवतो ते. ते माझ्या विशेष आवडीचं, आणि तेही त्यातल्या मार्थेसाठी, लाजरसच्या बहिणीसाठी. येशू म्हणतो, तुझा भाऊ उठेल. ती शाळेत पाठ केल्यासारखं उत्तर देते, हो, शेवटल्या दिवशी उठेल हे मला ठाऊक आहे. आणि थोड्या वेळाने तो खरंच धोंड काढायला सांगतो तेव्हा हीच मार्था म्हणते, प्रभू, आता दुर्गंधी येत असेल, चार दिवस झालेत. श्रद्धा आणि घरकाम एकाच बाईत इतकं शेजारी शेजारी मला दुसरीकडे दिसलेलं नाही. येशू रडतो, लाजरसला हाक मारतो, तो बाहेर येतो. आणि मग लाजरस काय बोलतो? काहीच नाही. चार दिवस तिकडे राहून आलेला माणूस, पण शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. पुढच्या अध्यायात तो जेवायला बसलेला दिसतो, त्याला बघायला गर्दी लोटते, त्यालाही मारून टाकावं असा मुख्य याजकांचा बेत ठरतो, तरी हा गप्पच. तरुणपणी मला त्याचा रागच यायचा. एवढी संधी आणि ही वाया घालवली! आता वाटतं, तो बोलला असता तर आम्ही त्याचं वर्णन तोंडपाठ केलं असतं, आणि मार्थेसारखं धडाधड म्हणूनही दाखवलं असतं.

एका वर्षाची मेणबत्ती मी अजून फेकलेली नाही. सॅक्रिस्टीच्या, म्हणजे उपासनेचं सामान ठेवायच्या खोलीतल्या, कपाटात मागच्या बाजूला उभी आहे, 2020 आकडे कोरलेली. त्या वर्षी 11 एप्रिलच्या रात्री शेकोटी पेटली नाही, मिरवणूक निघाली नाही. रोमहून तशा सूचना होत्या. रिकाम्या चर्चमध्ये मेणबत्ती लागली आणि फादरांनी ते लांबलचक गाणं बाकांना गाऊन दाखवलं. पुढे माणसं गेली, पण ती चर्चपर्यंत आलीच नाहीत. थेट दफनभूमीत गेली, दोघा-चौघांच्या सोबतीने, कधी तर तेवढीही सोबत नसताना. वर्ष संपलं तेव्हा ती मेणबत्ती जवळपास नव्यासारखी होती. दर वर्षी उरलेलं मेण वितळवायला द्यायचं असतं. हिचं नाव काढलं की मी विषय बदलतो.

यंदा लाजरसच्या रविवारनंतरच्या मंगळवारी एक अंत्यविधी होता. गेलेले गृहस्थ गायकवृंदात कित्येक वर्षं खालच्या सुरात गायचे, आणि त्यांच्या मिस्सेत आलेलुया नव्हतं. मी मेणबत्ती लावायला गेलो तर वात मेणात बुडालेली. एक काडी विझली. दुसरी विझली. सगळं चर्च माझ्याकडे बघतंय, फादर पाणी शिंपडून थांबलेत, मला घाम फुटलेला. पहिल्या बाकावरून गेलेल्या गृहस्थांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, ‘होऊ द्या सावकाश. त्यांना आता कुठे जायची घाई नाही.’ तिसऱ्या काडीला लागली.

पेटी बाहेर काढण्याआधी आमच्याकडे पांढरं वस्त्र उतरवून ठेवतात. मी एकटाच ते गोळा करत होतो, तेवढ्यात त्याच काकू पुढे आल्या आणि त्यांनी समोरची दोन टोकं उचलली. काही बोलल्या नाहीत. वाळलेली चादर दोघांनी मिळून घडी करावी तसं आम्ही ते ताणलं, झटकलं, मधोमध दुमडलं, एकमेकांकडे चालत आलो. त्यांनी आपली टोकं माझ्या हातात दिली, खाली लोंबणारी घडी उचलून दिली, आणि परत मागे सरकल्या. हाताला सवय होती. नक्की कुणाबरोबर होती, ते मी विचारलं नाही.

पेटी दाराबाहेर गेली. गाडी सुरू झाल्याचा, मग वळल्याचा आवाज आला. तो ऐकू येईनासा झाल्यावर मी टोपीची दांडी घेऊन मेणबत्ती विझवली आणि सवयीने बोटं लावून बघितली. आकड्यांच्या वर चार बोटं मेण उरलं होतं. ईस्टरला अजून बारा दिवस होते.